बाजारातल्या तुरींचा सौदा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या एखाद्या संघाचं जनरल मॅनेजरपद पदरात पडलं, तर आधी जिंकायची खोड मोडा. जिंकणाऱ्याला इथे रांगेत मागे उभं करतात. दर उन्हाळ्यात ड्राफ्ट भरतो, ३२ संघ सात फेऱ्यांत अठरा वर्षांची पोरं वाटून घेतात, आणि आधी निवडायचा मान वर्षभर मन लावून हरलेल्यांचा.

हरायलाही अक्कल लागते. गुरू म्हणून १९८४ चे पिट्सबर्ग पेंग्विन्स पुरेत. मारिओ लेम्यू हा अफलातून पोरगा त्या वर्षी ड्राफ्टला येणार होता आणि तळाच्या जागेसाठी न्यू जर्सीशी चुरस लागली होती. पिट्सबर्गनं काय करावं? १९८१ साली लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला रँडी कार्लाइल देऊन टाकला. रोबेर्तो रोमानो हा गोलरक्षक बऱ्यापैकी अडवत होता, म्हणून त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं. हंगामाअखेर पिट्सबर्ग ३८ गुण, न्यू जर्सी ४१. न्यू जर्सीच्या बिचाऱ्यांना जिंकायचा मोह आवरला नाही! लेम्यूनं पिट्सबर्गला पुढे दोन स्टॅनले कप, म्हणजे लीगची विजेतेपदं, मिळवून दिली.

असले प्रकार वाढल्यावर लीगला नीतिमत्ता आठवली आणि १९९५ पासून निवडीच्या क्रमासाठी लॉटरी आली. आता अगदी तळाला राहूनही पहिला नंबर लागायची शक्यता २५.५ टक्केच. म्हणजे हरण्यातही नशीब हवं. २०१५ मध्ये ड्राफ्टला येणाऱ्या कॉनर मॅकडेव्हिड या गुणी पोराच्या आशेनं बफलो सेबर्सनं शेवटचा नंबर खेचून आणला. त्या मार्चमध्ये तळातलाच ॲरिझोनाचा संघ बफलोत आला आणि जादा वेळेत गोल मारून जिंकला, तेव्हा घरच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला. इतके सुजाण प्रेक्षक एका हंगामात तयार होत नाहीत, मेहनत असते ती. लॉटरीत नाव निघालं एडमंटनचं, पहिला नंबर त्यांना सहा वर्षांत चौथ्यांदा. तेव्हा नुसतं हरू नका, सातत्य ठेवा.

स्वतः हरायची लाज वाटत असेल, तर दुसऱ्याचं हरणं विकत घ्या. पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये निवड करायची पाळी, ती विकता येते; पण पिक कोणाच्याही खिशात असो, त्याचा नंबर ठरतो मूळ मालकाच्या कामगिरीवर. मॉन्ट्रियलचे जनरल मॅनेजर सॅम पोलॉक यांनी १९७० मध्येच कॅलिफोर्नियाच्या सील्सकडून त्यांचा पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक काढून घेतला. सील्स अपेक्षेप्रमाणे बुडत होते, पण लॉस एंजेलिस त्यांच्याही खाली जाईल अशी धास्ती पडली. पोलॉकनी राल्फ बॅकस्ट्रॉम हा मुरलेला खेळाडू लॉस एंजेलिसला पाठवला. ते सावरले, सील्स तळाला गेले आणि त्यांच्या पिकावर गी लाफ्लूर हा हिरा मॉन्ट्रियलला आला. परोपकार म्हणतात तो हा.

टोरोंटोनं नेमकं उलटं केलं. २००९ मध्ये फिल केसल या खेळाडूसाठी पहिल्या फेरीचे दोन आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक बोस्टनला दिला, आणि मग शेवटून दुसरा नंबर काढला. आधी विकून मग हरायचं नसतं हो, एवढं तरी पाळा.

खेळाडूंची कटकट नको असेल, तर न खेळणारे घ्या. पगाराला कमाल मर्यादा असल्यानं श्रीमंत संघांना जुने करार जड होतात, आणि ते उचलणाऱ्याला पिकांची बिदागी मिळते. २०१६ मध्ये पावेल दात्सुक रशियाला परतायला निघाला, त्याचा करार मात्र डेट्रॉइटनं ॲरिझोनाच्या गळ्यात घातला. त्या सौद्यात ॲरिझोना विसाव्या जागेवरून सोळाव्यावर सरकलं. त्याआधी २०१५ मध्ये, केव्हाच खेळणं थांबलेला क्रिस प्रोंगर हॉल ऑफ फेममध्ये गेला, तोही ॲरिझोनाच्या पटावर असताना. कागदावर काय संघ होता!

मालक विचारतीलच, कप कधी? तीन वर्षांनंतरच्या पिकांची यादी पुढे करा आणि ‘पुनर्बांधणी’ म्हणा. ती पोरं आज पंधरा वर्षांची आहेत, त्यांना नावं ठेवायला कोण धजावेल? आणि फारच निकड लागली तर तेच पिक विकून एखादा चौतीस वर्षांचा सेंटर, म्हणजे आघाडीच्या फळीतला मधला खेळाडू, आणा. त्या ड्राफ्टच्या दिवशी टेबलाशी तुमच्या खुर्चीत दुसराच कोणी बसलेला असेल. उत्तरं त्यालाच देऊ द्या.