पंच काय म्हणाला, ते ऐकू द्या

३० सप्टेंबर २०२३, शनिवार. इथे लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजून गेलेले, म्हणजे कोल्हापुरात मध्यरात्र उलटलेली. मामाचा फोन. एवढ्या रात्री घरून फोन आला की काळजात चर्र होतं. उचलला तर पलीकडून थेट प्रश्न: "अरं, तुमच्यात टीव्हीत बघूनसुद्धा चुकत्यात व्हय?"

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला टॉटनहॅम-लिव्हरपूल फुटबॉल सामना नुकताच संपला होता. गोलशून्य बरोबरी असताना लिव्हरपूलच्या लुईस दियाझने गोल मारला, लाइन्समनने ऑफसाइडचा, म्हणजे पास सुटला तेव्हा तो बचावफळीच्या पलीकडे उभा होता असा, झेंडा वर केला. व्हिडिओ खोलीतल्या पंचाने चित्र थांबवून, रेघा ओढून पाहिलं, तर दियाझ ऑनसाइड, म्हणजे गोल बरोबर. इथवर यंत्र बिनचूक चाललं. घोटाळा झाला तो पुढच्या दोन शब्दांत. मैदानावर गोल दिलेलाच आहे, अशी त्या खोलीतल्या माणसाची समजूत झालेली. म्हणून तो म्हणाला, तपासणी पूर्ण. म्हणजे मैदानावरचा निर्णय कायम. आणि मैदानावरचा निर्णय होता ऑफसाइड! फ्री किक घेतली, खेळ सुरू झाला, आणि मग शेजारी बसून रिप्ले चालवणाऱ्या माणसाने विचारलं, अहो, निर्णय तर ऑफसाइडचा होता, चालतंय का हे तुम्हाला? तोवर उशीर झाला होता. एकदा खेळ पुढे गेला की मागे येता येत नाही, असा नियम. लिव्हरपूलचे शेवटी नऊच खेळाडू मैदानात उरले आणि भरपाईच्या वेळेत स्वतःच्याच जाळ्यात गोल मारून ते २-१ ने हरले.

ही व्हिडिओ खोली असते स्टॉक्ले पार्कमध्ये, हीथ्रो विमानतळाच्या वरच्या अंगाला. माझं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर. काचेच्या इमारती, तळं, बदकं, बाजूला गोल्फचं मैदान. पूर्वी इथे कचरा टाकायचे, त्यावर माती लोटून हे सगळं उभं केलंय. रोज ए-टेन बसने जाताना मी त्या इमारतींकडे बघतो. घरी सांगितलं तेव्हा मामाला वाटलं, मी त्या पंचांना ओळखत असणार. "सांग की त्यांना जरा," म्हणाला.

मामाबद्दल सांगायला हवं. शाळेत पीटीचे शिक्षक आणि वीसेक वर्षं शाहू स्टेडियमवर पंच. कोल्हापूरबाहेरच्यांना पटत नाही, पण आमच्याकडे क्रिकेटपेक्षा फुटबॉलला जास्त रक्त आटवतात. संघ पेठांचे, तालमींचे: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. मॅच असली की त्या पेठेतली दुकानंसुद्धा अर्धी बंद. नव्वदच्या दशकात अशाच एका मॅचला बॉल क्रॉसबारला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. रेषेच्या आत आपटला की बाहेर? मामाने गोल दिला नाही. (पेठांची नावं सांगत नाही, मला अजून दिवाळीला घरी जायचं असतं.) चपला आल्या, पाण्याच्या पिशव्या आल्या. मामाला मागच्या दाराने काढलं. काळा शर्ट पिशवीत कोंबून, बनियनवर, एका दूधवाल्याच्या एम-एटीवर मागे बसून तो घरी आला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. आजी दारात उभी होती, तिने आधी त्याचं डोकं चाचपून बघितलं.

त्याचं खरं दुःख चपलांचं नव्हतंच. पुढची कित्येक वर्षं लग्नात पंगतीला बसलं तरी कुणीतरी हसत विचारायचं, "मास्तर, किती घेतलं होतं हो?"

आपल्याकडच्या वादाचं मूळ मला इथे दिसतं. आपल्याकडे पंच चुकत नाही, तो फुटतो. चूक नावाचा रकानाच नाही. मग आपल्याला त्याच्याकडून उत्तर नको असतं, त्याची विकेट हवी असते. काढा, बंदी घाला, आणि आता नवीन म्हणजे: व्हीएआर, म्हणजे तो व्हिडिओ बघणारा पंच, आणा.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर हा धोशा सुरू झाला तो ३ मार्च २०२३ पासून. आयएसएलचा, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगचा, प्लेऑफ, बंगळूरुच्या कांतिरवा मैदानात बेंगळुरू एफसी विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. जादा वेळेत बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचे खेळाडू गोलपुढे स्वतःची भिंत लावण्याच्या विचारात, तेवढ्यात सुनील छेत्रीने बॉल जाळ्यात धाडला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच अख्खी टीम घेऊन बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबला ४ कोटींचा दंड केला, प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी घातली. ग्रुपवर एकच गजर: व्हीएआर असता तर हे झालं नसतं.

झालं असतं. तेव्हा व्हीएआर बघायचा चारच गोष्टी: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकून भलत्यालाच दिलेलं कार्ड. फ्री किक झटकन घ्यायची मुभा नियमातच आहे, फक्त पंचाने आधी 'शिट्टीची वाट बघ' असं सांगितलेलं नसावं. म्हणजे सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबतो: पंच आणि छेत्री यांच्यात काय बोलणं झालं? शिट्टी नको, भिंत नको, असं आपण पंचाला सांगितलं होतं, ही छेत्रीची बाजू. ती खरी असेल तर गोल शंभर टक्के कायदेशीर. वीस कॅमेऱ्यांतून बघितलं तरी ते बोलणं दिसणार नाही. ते ऐकायला पाहिजे. पंचाच्या कॉलरला माइक असता आणि दुसऱ्या दिवशी ती वीस-पंचवीस सेकंदं लोकांना ऐकवली असती, तर केरळचा प्रेक्षक चिडलाच असता, पण निदान कशावर चिडायचं हे त्याला कळलं असतं. झालं ते उलटं. दंड ऐकू आला, बंदी ऐकू आली, पंच ऐकू आला नाही.

इंग्लंडमध्ये दियाझच्या प्रकरणात हेच वेगळं घडलं. त्याच संध्याकाळी पंचांच्या संस्थेने, पीजीएमओएलने, कबूल केलं की ही मोठी मानवी चूक आहे. मंगळवारी त्या खोलीतलं संभाषण जसंच्या तसं प्रसिद्ध केलं. मी ते ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत ऐकलं आणि हातातला घास तसाच राहिला. त्या आवाजांत लबाडी कुठेच नव्हती. घाई होती. चूक करून 'छान काम केलं' असं एकमेकांना म्हणणारी माणसं होती, आणि मग कळल्यावर पडलेला तो आवाज: आता काही करता येणार नाही. हा आवाज मी ओळखतो. आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर चुकीची फाइल गेल्यावर रात्री दोनच्या कॉलवर असाच येतो.

म्हणून इंग्लंड थोर, असं लगेच म्हणू नका. लिव्हरपूलला गुण परत मिळाले नाहीत, सामना परत झाला नाही. व्हिडिओ खोलीतले दोन पंच त्याच आठवड्यात अमिरातीत जाऊन तिथल्या लीगचा सामना सांभाळून आले होते, हे बाहेर आल्यावर इथल्या पबमध्ये जी कुजबूज झाली ती आमच्या मिरजकर तिकटीवरच्या चहाच्या गाड्यावरच्या गप्पांपेक्षा रतीभरही वेगळी नव्हती. "किती घेतले?"चं इंग्रजी भाषांतर असतंच. आणि एवढा जाच होऊनही २०२४ च्या जूनमध्ये वुल्व्ह्ज क्लबने 'व्हीएआर बंद करा' असा ठराव आणला तेव्हा प्रीमियर लीगच्या क्लबांची मतं पडली: ठेवा म्हणणारी १९, बंद करा म्हणणारं एक. शिव्या घालायच्या, पण सोडायचं नाही. आपल्याकडे आघाडी सरकारं अशी चालतात.

स्वीडनने मात्र नको म्हटलं. तिथे क्लबांवर सभासद प्रेक्षकांचा ताबा असतो, आणि गोल झाल्यावर दोन मिनिटं थांबून मग ओरडायचं हे त्यांना मान्य नाही. मला त्यांचं पटतं. मैदानात बसून व्हीएआर अनुभवला की कळतं, सगळ्यात अडाणी माणूस तिकीट काढून आलेला असतो. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला रेघा दिसतात, मैदानातल्या साठ हजारांना फक्त कानाला हात लावून उभा असलेला पंच दिसतो. ही गोष्ट इंग्लंडला सुधारायला २०२५ उजाडलं. जानेवारीत लीग कपच्या उपांत्य सामन्यात पहिल्यांदा पंचाने माइकवरून मैदानाला सांगितलं की गोल का रद्द केला. गंमत म्हणजे मैदान तेच, टॉटनहॅमचं, आणि समोर परत लिव्हरपूलच. रद्द झालेला गोल डॉमिनिक सोलंकेचा. नाव ऐकून मामाने फोनवर विचारलं, "मराठवाड्यातला हाय काय रं?"

कॅमेरा नकोच असं माझं म्हणणं नाही. ११ जून २०२४ ला दोह्यात जे झालं त्याला माझ्याकडे उत्तर नाही. विश्वचषक पात्रतेचा सामना, मुंबई सिटीच्या छांगतेच्या गोलने भारत १-० ने पुढे. बॉल गोलरेषेच्या बाहेर गेला होता, आपला गोलकीपर गुरप्रीत तो गेला म्हणून सैल पडला, कतारच्या खेळाडूने तो मागून ओढून घेतला आणि दुसऱ्याने आत ढकलला. गोल. सामना २-१ ने गेला, पुढची फेरी गेली. तिथे व्हीएआर नव्हता. एका कॅमेऱ्याचं, पाच सेकंदांचं काम होतं. त्या रात्री मीच ग्रुपवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'व्हीएआर आणा' लिहिलं होतं, तो मेसेज अजून तिथे आहे आणि मित्र तो अधूनमधून मला चिकटवतात.

पण आणायचं म्हणजे काय आणायचं? प्रीमियर लीगसारखी खोली, डझनावारी कॅमेरे, प्रत्येक सामन्याला दोन जास्तीचे प्रशिक्षित पंच. ज्या देशात २०२५ च्या जुलैमध्ये आयएसएलचा पुढचा हंगामच स्थगित ठेवल्याचं जाहीर झालं, तिथे हे म्हणजे घर गळत असताना झुंबर लावणं. त्यापेक्षा फिफाने २०२४ मध्ये महिलांच्या २० वर्षांखालील आणि मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकात जे करून बघितलं ते आपल्याला झेपेल. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागायची संधी. वेगळी खोली नाही, वेगळे व्हिडिओ पंच नाहीत. मैदानावरचा पंच स्वतः बाजूच्या पडद्यावर जाऊन बघतो. क्रिकेटच्या डीआरएसवर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायचीसुद्धा गरज नाही. आणि डीआरएसचं आठवतंय ना? २००८ मध्ये श्रीलंकेत पहिल्यांदा वापरलं, आपल्याला महागात पडलं, आणि २०१६ संपत येईपर्यंत आपलं बोर्ड 'यंत्रावर भरवसा नाही' म्हणून अडून बसलं होतं. तेव्हा यंत्र खोटं, माणूस खरा. आता माणूस खोटा, यंत्र खरं.

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी इथल्या पंचांचा कोर्स केला. मामाला सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी आमच्या भागातल्या पार्कमध्ये बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या मॅचेस असतात. नोव्हेंबरात मैदान म्हणजे नुसता रबडा, लाइन्समन म्हणजे कुणाचा तरी बाप, एका हातात झेंडा आणि दुसऱ्या हातात कॉफी. एकदा गोलपुढच्या डीमध्ये गर्दीत बॉल कुणाच्या तरी हाताला लागला असावा. सगळे ओरडले. मला दिसलं नव्हतं. एका पोराने धावत येऊन विचारलं, "रेफ, काय दिसलं तुम्हाला?" मी म्हटलं, मध्ये तिघं होते, हात दिसला नाही, दिसला नाही ते देऊ शकत नाही. पोरगं "ओके" म्हणून पळालं. मीच दोन सेकंद तिथे उभा राहिलो.

त्याच्या बापाला मात्र ओके नव्हतं. मॅच संपल्यावर माझ्या गाडीपर्यंत आला, माझ्या देशाचा उल्लेख केला, आरसा वाकडा करून गेला. हेही इंग्लंडच. २०२३ च्या फेब्रुवारीत मिडल्सबरोपासून हौशी सामन्यांतल्या पंचांच्या छातीवर पोलिसांसारखे कॅमेरे लावायला सुरुवात केली, ती पंचाचे निर्णय तपासायला नव्हे, त्याला मारहाण होऊ नये म्हणून. फुटबॉलची मायभूमी!

आरशाची गोष्ट ऐकल्यावर मामाला कळलं की मी शिट्टी फुंकतो. बराच वेळ काही बोलला नाही. मग मी त्याला तो प्रश्न विचारला. विचारायला मला पंचवीस-तीस वर्षं लागली: बॉल आत आपटला होता की बाहेर?

"मला काय म्हाईत?" मामा म्हणाला. "मी सेंटरपाशी हुतो. कॉर्नर सुटला, काउंटर बसला, माझं पाय पोचलं न्हाईत. लाइन्समनकडं बघितलं, त्यानं झेंडा हलवला न्हाई. दिसलं न्हाई म्हणून दिलं न्हाई."

मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?

"कुणी इचारलं? सगळे सांगतच हुते की मला."

थोडं थांबून त्याने विचारलं, एका मॅचचं किती देतात तिथं. मी सांगितलं, तीसेक पौंड. त्याने मनात गुणाकार केला असावा. "बरं हाय," म्हणाला. "आणि च्या?"