‘अपॉइंट’नंतर ‘ॲज’ चूक? आधी राज्यघटना उघडा

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर इंग्रजी व्याकरणाची एक यादी वर्षानुवर्षं फिरते आहे. नेम, इलेक्ट, थिंक, कन्सिडर, कॉल, अपॉइंट, मेक आणि चूज या आठ क्रियापदांनंतर ‘ॲज’ कधीही येत नाही. रिगार्ड, डिस्क्राइब, डिफाइन, ट्रीट, व्ह्यू यांच्यानंतर ते आलंच पाहिजे. खाली ठरलेलं उदाहरण असतं: ‘ही वॉज अपॉइंटेड ॲज प्रिन्सिपल’ चूक, ‘ॲज’ काढा. आणि वर पुस्ती, की हे ‘ॲज’ म्हणजे आपलं देशी इंग्रजी, खरा इंग्रज ते लावत नाही.

यादीचा दुसरा अर्धा भाग बरोबर आहे. पहिला अर्धा मात्र तपासल्याशिवाय पुढे ढकलला जातो. मी इंग्रजी शिकवतो. या यादीच्या भरवशावर मुलं स्वतःची बरोबर वाक्यं खोडतात आणि दुसऱ्याच्या अर्जातल्या नसलेल्या चुका दाखवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘अपॉइंटनंतर ॲज कधीच येत नाही.’

राज्यशास्त्राच्या तयारीसाठी संविधानाची इंग्रजी प्रत प्रत्येकाकडे असते. तीच उघडा. अनुच्छेद 158, खंड 3अ. एकच व्यक्ती दोन किंवा अधिक राज्यांची राज्यपाल झाली तर पगार-भत्त्यांची वाटणी कशी करायची, ते तिथे सांगितलं आहे. इंग्रजी शब्द असे: ‘व्हेअर द सेम पर्सन इज अपॉइंटेड ॲज गव्हर्नर ऑफ टू ऑर मोअर स्टेट्स’. अपॉइंटेड ॲज, जसंच्या तसं.

मग अनुच्छेद 239, खंड 2. राष्ट्रपती एखाद्या राज्याच्या राज्यपालाला शेजारच्या केंद्रशासित प्रदेशाचा प्रशासक नेमू शकतात. पंजाबचे राज्यपाल 1984पासून चंडीगडचे प्रशासक असतात, ती हीच तरतूद. इंग्रजी मजकूर: ‘मे अपॉइंट द गव्हर्नर ऑफ अ स्टेट ॲज द ॲडमिनिस्ट्रेटर’. कर्तरी असो वा कर्मणी, ‘ॲज’ दोन्हीकडे आहे. हे दोन्ही खंड 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 2013च्या कंपनी कायद्याचं कलम 152, उपकलम 5 बघा. ते ‘अ पर्सन अपॉइंटेड ॲज अ डायरेक्टर’ असंच सुरू होतं.

आता समोरच्या बाजूचंही सांगायला हवं. याच संविधानात ‘ॲज’शिवायची रचनाही आहे. अनुच्छेद 233 मध्ये जिल्हा न्यायाधीशाबद्दल ‘टु बी अपॉइंटेड अ डिस्ट्रिक्ट जज’ असं लिहिलंय. अनुच्छेद 76 तर फारच बोलका आहे. महान्यायवादी नेमण्याच्या त्या एका वाक्यात ‘अपॉइंटेड अ जज ऑफ द सुप्रीम कोर्ट’ असं ‘ॲज’शिवाय येतं आणि लगेच ‘टु बी ॲटर्नी-जनरल’ अशी तिसरीच रचना येते. म्हणजे अपॉइंट अमुक, अपॉइंट ॲज अमुक आणि अपॉइंट टु बी अमुक, असे तिन्ही प्रकार देशाच्या सर्वोच्च कायद्यात सुखाने नांदतात. यादीतला ‘कधीच’ हा शब्द इथेच निकालात निघतो.

नामाचं काय, हेही यादीवाले सांगत नाहीत. ‘अपॉइंटमेंट’नंतर थेट पदनाम आलं की ‘ॲज’शिवाय गत्यंतर नसतं. राज्यपालाची पात्रता सांगणारा अनुच्छेद 157 ‘एलिजिबल फॉर अपॉइंटमेंट ॲज गव्हर्नर’ असंच म्हणतो. तिथून ‘ॲज’ काढलं तर वाक्यच मोडतं. नियम पाठ केलेली मुलं नामावरही तो चालवतात, आणि तिथे खरी चूक होते.

‘हे देशी इंग्रजी आहे.’

नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थ्यांसाठीचे शब्दकोश ‘अपॉइंट’खाली ही रचना स्वच्छ देतात. ‘ॲज’ लावा किंवा वगळा, दोन्ही मान्य. हे शब्दकोश आंतरजालावर फुकट आहेत, बघायला मिनिटभरही लागत नाही.

‘आठही क्रियापदांना एकच नियम.’

सगळ्या घोळाचं मूळ या मुद्द्यात आहे. ‘मेक’ आणि ‘कॉल’ यांना ‘ॲज’ खरंच चालत नाही. ‘दे मेड हिम ॲज कॅप्टन’ चूक. ‘पीपल कॉल हिम ॲज दादा’ हीसुद्धा चूक, आणि ती आपल्याकडे सर्रास होते. ती खोडलीच पाहिजे. पण अपॉइंट, इलेक्ट, चूज आणि नेम यांची जात वेगळी. त्यांना ‘ॲज’ ऐच्छिक आहे. ‘कन्सिडर’बद्दल जाणकारांत मतभेद आहेत, तिथे ‘ॲज’ टाळणं सोयीचं. दोन वेगळ्या गटांची क्रियापदं कुणीतरी एका ओळीत बसवली, पाठांतराला सोपं पडलं, आणि ती ओळ पुस्तकातून पुस्तकात उतरत गेली.

‘ॲजने अर्थात काही भर पडत नाही, ते फाजील आहे.’

बऱ्याचदा पडत नाही, हे खरं. ‘शी वॉज अपॉइंटेड चेअरपर्सन’ हे वाक्य आटोपशीर आहे आणि मलाही तेच आवडतं. पण हे वाक्य घ्या: ‘द कोर्ट अपॉइंटेड हिम अ लॉयर’. न्यायालयाने त्याला वकील म्हणून नेमलं, की त्याच्यासाठी वकील नेमला? ऐपत नसलेल्या आरोपीला न्यायालय सरकारी खर्चाने वकील देतं, तेव्हा दुसरा अर्थच आधी मनात येतो. माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात आहे की वकिलाच्या जागी, इतका फरक. ‘अपॉइंटेड हिम ॲज अ लॉयर’ म्हटलं की शंका उरत नाही. 

दुसरी अडचण लांबीची. अनुच्छेद 239चंच वाक्य ‘ॲज’ वगळून वाचा: ‘अपॉइंट द गव्हर्नर ऑफ अ स्टेट द ॲडमिनिस्ट्रेटर ऑफ ॲन अ‍ॅडजॉइनिंग युनियन टेरिटरी’. राज्यपाल कुठे संपला आणि प्रशासक कुठे सुरू झाला, हे कळायला वाक्य दोनदा वाचावं लागतं. मूळ मसुद्यात तिथे ‘ॲज’ आहे, म्हणून ही अडचण येत नाही. नेमणुकीच्या आदेशात पदनाम, विभाग, कार्यालय, जिल्हा अशी लांबलचक माळ असते. तिथे ‘ॲज क्लार्क-टायपिस्ट’ लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याचा मसुदा लाल शाईने परत पाठवण्यात काही अर्थ नाही.

खरंच खोडायचं असेल तर ‘अपॉइंटेड ऑन द पोस्ट ऑफ’ खोडा. आपण ‘पदावर नेमणूक’ म्हणतो, त्यामुळे हातून ‘ऑन’ पडतं. इंग्रजीत तिथे ‘टु द पोस्ट ऑफ’ हवं. यादीत याचा उल्लेखही नाही.

‘परीक्षेत मार्क जातील.’

ही भीती रास्त आहे, कारण प्रश्न काढणाऱ्यांपैकीही काहींनी हीच यादी पाठ केलेली असते. स्वतः लिहिताना वाक्य लहान असेल तर ‘ॲज’ वगळा. त्या रूपावर कुणाचाच आक्षेप नसतो. चूक ओळखा प्रकारच्या प्रश्नात ‘अपॉइंटेड ॲज’ दिसलं, तर आधी बाकीच्या भागांत काळ, वचन, शब्दयोगी अव्ययं यांची चूक शोधा. ती सापडली तर तेच उत्तर. बाकी सगळं निर्दोष असेल आणि ‘चूक नाही’ हा पर्याय असेल, तर व्याकरणाने तोच बरोबर. आणि उत्तरतालिका उलट आली तर गप्प बसू नका. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका लावून हरकती मागवतो. हरकतीसोबत शब्दकोशाच्या त्या नोंदीची प्रत आणि अनुच्छेद 158चं पान जोडा. एकट्याची हरकत दुर्लक्षली जाईल असं वाटत असेल, तर अभ्यासिकेतल्या चौघांनी मिळून ठरवा आणि प्रत्येकाने आपापल्या नावाने मुदतीत दाखल करा.