‘ईव्ही उलटत नाही, मग बेल्ट कशाला?’ : एका फॉरवर्डची उलटतपासणी

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड महिनाभर फेऱ्या मारतोय. आधी मामांनी टाकला, मग मावसभावाने, मग आपणच टाकला होता हे विसरून मामांनी पुन्हा. त्याचं म्हणणं असं की इलेक्ट्रिक गाडी हे वेगळंच यंत्र आहे, पेट्रोल गाडीच्या सवयी तिला लावू नयेत. बॅटरी तळाशी असल्यामुळे गाडी उलटत नाही, म्हणून मागे बसणाऱ्यांना बेल्टची गरज नाही. आग लागली तर उलट बेल्टमुळेच माणूस अडकतो. पुढे इंजिन नाही, तिथली रिकामी डिकी धक्का झेलते, तेव्हा जड सामान तिथे टाका. सनरूफला सेन्सर असतो, मुलांना खुशाल उभं राहू द्या. शेजारची सीट आडवी होते ती झोपण्यासाठीच. आणि शेवटी एक ‘टीप’ : बेल्टचा टुंग-टुंग आवाज नको असेल तर बकलमध्ये घालायची क्लिप मिळते.

ग्रुपवर दोन ओळींपलीकडचं कोणी वाचत नाही. म्हणून इथे लिहितोय.

उलटण्याबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तर तो सहज गळी उतरतो. बॅटरीचं वजन बहुतेक गाड्यांत काही शे किलो असतं आणि ते सगळं फरशीखाली, चाकांच्या मधे. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो आणि गाडी कलंडण्याची शक्यता खरोखरच कमी होते. पण बेल्ट काय फक्त कलंडणाऱ्या गाडीसाठी असतो? समोरून आदळणं, बाजूने ठोकर बसणं, झाडावर जाणं, यात गुरुत्वमध्य कुठे आहे याने आत बसलेल्या माणसाला फारसा फरक पडत नाही.

साधा हिशोब करू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. वरून पडून एवढा वेग यायला साधारण १० मीटर उंची लागते, म्हणजे तिसरा मजला. गाडी भिंतीवर आदळते तेव्हा तिचा पुढचा भाग चेपत जातो आणि समजा अर्ध्या मीटरच्या अंतरात ती थांबते. बेल्ट लावलेला माणूस गाडीला बांधलेला असतो, त्यामुळे ते अर्धं मीटर त्यालाही मिळतं. तरीसुद्धा ७० किलोच्या माणसावर सरासरी १४०० किलो वजनाइतका जोर येतो. हा बेल्ट लावलेल्याचा आकडा! न लावलेला माणूस गाडी चेपत असताना १४ मीटरच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या सीटच्या पाठीवर पाच-सात सेंटिमीटरमध्ये थांबतो. अंतर दहावा हिस्सा झालं की जोर दहापट. गाडीत पेट्रोल होतं की लिथियम, हा प्रश्न या गणितात येतच नाही.

शिवाय ती समोरची सीट रिकामी नसते. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. मागच्यांनी बेल्ट लावलेला नसेल, तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांचा मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात निघालं. तेव्हा मागच्या सीटवरचा बेल्ट ही मागच्याची खासगी बाब नाही. आमच्याकडे मामा गाडी चालवतात आणि मामी मागे बसतात. मामांनी हे गणित स्वतःपुरतं तरी करावं.

‘ईव्ही जड असते, तिला काही होत नाही’ हेही मधेच एका ओळीत येऊन जातं. समोरची गाडी हलकी असेल तर जडपणाचा फायदा होतो, खरं आहे. भिंतीपुढे तोच जडपणा अंगावर येतो, कारण चेपून जिरवायची ऊर्जा वाढलेली असते.

आता आगीची भीती. ती खोटी नाही. पेटलेली बॅटरी विझवायला कठीण असते आणि विझल्यावरही पुन्हा पेट घेऊ शकते. पण बेल्टचं बकल विजेवर चालत नाही. आत एक स्प्रिंग आणि एक खटका, बस. गाडीतली सगळी वीज गेली तरी लाल बटण दाबलं की जीभ सुटते, पट्टा ताणलेला असतानासुद्धा. बेल्ट ‘अडकतो’ असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा लावताना, झटक्याने ओढला म्हणून. झटक्याला अडकणं हेच त्याचं काम. सोडून सावकाश ओढा, येतो. मोठ्या धडकेत एअरबॅग उडवणारा कॉम्प्युटरच उच्च दाबाची बॅटरी उरलेल्या गाडीपासून तोडण्याचा हुकूम देतो, तेव्हा ‘बेल्टमधून शॉक’ वगैरे कल्पनाही सोडून द्या. आगीतून किंवा पाण्यातून बाहेर पडायचं तर पहिली अट म्हणजे धडकेनंतर शुद्धीवर असणं. ते बेल्टच्या बाजूने जातं, विरुद्ध नाही.

अडकण्याचीच धास्ती असेल तर दाराकडे बघा. बऱ्याच ईव्हींत दार आतून उघडायला खटका नसतो, नुसतं बटण असतं, आणि ते बटण विजेवर चालतं. वीज गेल्यावर उघडायची यांत्रिक कडी वेगळी असते. पुढच्या दारात ती सहसा हाताशी असते. मागच्या दारात मात्र काही गाड्यांनी ती दाराच्या कप्प्याच्या तळाशी, चटईखाली किंवा झाकणामागे दडवलेली आहे. मामांना मी विचारलं, तुमच्या गाडीत कुठे आहे? वीस मिनिटं शोधत होते. शेवटी मॅन्युअल काढलं.

पुढच्या डिकीचा मुद्दा मला सगळ्यात त्रासदायक वाटला, कारण त्यात विज्ञानाचा आव आहे. ‘रिकामी जागा धक्का झेलते’ हे बरोबर. मग ती जागा जड सामानाने भरल्यावर ती रिकामी कशी राहील? गाडीचा पुढचा भाग ठरवून चेपण्यासाठी बनवलेला असतो. तिथे नरम बॅग असेल तर ती चेपेल. लोखंडी जॅक, हत्यारांची पेटी किंवा डंबेल चेपत नाहीत, मागे रेटले जातात. या डिकीत किती किलो ठेवायचं ते मॅन्युअलमध्ये किंवा तिथल्या स्टिकरवर दिलेलं असतं आणि तो आकडा मागच्या डिकीच्या मानाने फारच लहान असतो.

ती बंद कशी करायची हेही शिकून घ्यावं लागतं. बॉनेटचा पत्रा पुष्कळदा ॲल्युमिनियमचा, पातळ. जुन्या सवयीने वरून आपटला की पोचा येतो. मधोमध एका हाताने दाबला तरी येतो. विजेवर मिटणारं नसेल तर हळूच खाली आणायचं, दोन्ही तळवे पुढच्या कडेला, कुलपाच्या वर ठेवायचे आणि ‘खट्’ ऐकू येईपर्यंत दाबायचं. मग कडेला बोटं घालून एकदा उचलून बघायचं. हा शेवटचा सेकंद वाया घालवलेला नाही. बॉनेटला दोन टप्प्यांचं कुलूप असतं. पहिला टप्पा लागलाच नाही तर ते नुसत्या दुसऱ्या आकड्यावर लटकतं, आणि तोही सुटला तर वेगात काचेवर येऊन आदळतं. २०२१ च्या डिसेंबरात टेस्लाने अमेरिकेत ज्या जवळपास पावणेपाच लाख गाड्या परत तपासायला बोलावल्या, त्यातल्या मॉडेल एसचं कारण हेच होतं: पुढच्या डिकीचं कुलूप नीट जुळलेलं नसण्याची शक्यता. माणसाने ते घाईत अर्धवट लावलं तरी परिणाम तोच.

लपाछपी खेळताना मुलं या डिकीत शिरू शकतात. बऱ्याच गाड्यांत आतून उघडायला अंधारात चमकणारं एक बटण किंवा दांडी असते. ती मुलांना दाखवून ठेवा आणि सामानाने झाकू नका. आणखी एक गंमत. डिकी विजेवर उघडणारी असेल तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी (फरशीखालच्या मोठीपासून वेगळी, कुलपं-दिवे चालवणारी) उतरल्यावर ती उघडणार नाही. तेव्हा त्या बॅटरीला जीव देणारं जंप-स्टार्टर नेमकं त्याच डिकीत ठेवू नका. ठेवणारे आहेत.

फॉरवर्डमध्ये नसलेली, पण मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे सपाट फरशी. बऱ्याच ईव्हींत मधला उंचवटा नसतो आणि काही गाड्यांत पुढच्या दोन सीटांमधली जागाही सलग मोकळी असते. शेजाऱ्याच्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली एका वळणावर ड्रायव्हरच्या पायाशी येते. त्यात पाय उचलला की गाडी आपोआप मंदावण्याची सोय चालू असेल तर बराच वेळ ब्रेकला पाय लागतच नाही. बाटली ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसलीय हे जोरात ब्रेक दाबायची वेळ येईपर्यंत कळतच नाही. बाटली दाराच्या कप्प्यात किंवा होल्डरमध्ये, कप्प्यांची झाकणं बंद. मागच्या डिकीतलं जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकवून. आणि दुमडलेली पाठ परत उभी केली की तिला एकदा पुढे ओढून बघायचं, खटका बसला की नाही ते.

सनरूफचा सेन्सर म्हणजे काय, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीत नसावं. बहुतेक सनरूफला डोळा नसतो. मोटर किती फिरतेय, तिला किती जोर लागतोय एवढंच बघितलं जातं. काहीतरी आड आलं, मोटर मंदावली की काच मागे फिरते. म्हणजे आधी काच अंगाला लागते, दाबते आणि मग सोडते. आपोआप मिटणाऱ्या काचांसाठी अमेरिकी नियमाची मर्यादा १०० न्यूटन आहे, जवळपास १० किलो वजनाचा दाब. हाताला ठीक, लहान मुलाच्या गळ्याला नाही. १२ व्होल्टची बॅटरी काढून जोडल्यावर पुष्कळ सनरूफना आपली जागा पुन्हा शिकवावी लागते, तोवर ही सोय भरवशाची नसते. काही गाड्यांत बटण दाबून धरलं तर ती मुद्दाम बाजूला सारली जाते. आणि सोय शाबूत असली तरी चुकू शकते: २०२२ च्या सप्टेंबरात टेस्लाने सुमारे ११ लाख गाड्यांच्या खिडक्यांचं सॉफ्टवेअर बदललं, कारण अडथळा आल्यावर काच जशी मागे फिरायला हवी तशी फिरत नव्हती. त्यात आता फोनवरून, आवाजावरून सनरूफ मिटते. मिटवणाऱ्याला आत कोण उभं आहे हे दिसतच असेल असं नाही.

हे सगळं काच मिटताना. मूल उभं असताना ब्रेक लागला तर सेन्सर काय करणार? उभ्या मुलाला ना बेल्ट, ना सीट. ताशी ३० वरूनसुद्धा ते साडेतीन मीटरवरून पडल्यासारखं पुढे जातं आणि वाटेत छपराची कड असते.

आडव्या सीटचं मी सांगण्यापेक्षा स्वतःच बघा. गाडी उभी असताना शेजारच्या सीटवर सरळ बसून बेल्ट लावा. खालचा पट्टा मांड्यांच्या वर, कमरेच्या दोन्ही हाडांवर टेकतो. वरचा खांद्याच्या मधून छातीवर. आता पाठ मागे टाका. खांद्याचा पट्टा छाती सोडून हवेत राहतो, चक्क मूठ जाते मधून. खालचा पट्टा हाडांवरून घसरून पोटावर येतो. या अवस्थेत धडक बसली तर शरीर पट्ट्याखालून पुढे सरकतं, आणि माणसाला थांबवण्याचं काम पोटातल्या आतड्यांवर, यकृतावर येतं. स्वीडनच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली व्होल्वोसाठी तीन टोकांचा पट्टा बनवला. त्याआधी ते विमानातून बाहेर फेकणाऱ्या सीटांवर काम करत. त्या पट्ट्याची सगळी करामत हाडांवर आहे: कंबर, बरगड्या, खांदा. गरोदर बाईनेही खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर घ्यायचा तो याचमुळे. पाय वर येऊन पलंगासारख्या होणाऱ्या सीटा उभ्या गाडीसाठी आहेत, चार्जिंग चालू असताना वगैरे. तिथे खुशाल झोपा.

राहिली क्लिप. ती घातली की आवाज थांबतो, कारण गाडीला वाटतं बेल्ट लागला. पण ही माहिती फक्त आवाजासाठी नसते. बऱ्याच गाड्यांत पुढच्या एअरबॅगचा निर्णय बकलवरही ठरतो: बेल्ट नसेल तर ती साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटरने भिंतीवर आदळण्याइतक्या धक्क्यालाही उघडते, बेल्ट असेल तर सुमारे २६ पर्यंत थांबते, कारण तेवढं बेल्ट सांभाळून घेतो. क्लिप घालून बसलेल्याला बेल्टही मिळत नाही आणि एअरबॅगही उशिराच्या हिशोबाने. मामांच्या गाडीतली क्लिप मागच्या रविवारी मी काढून खिशात घातली. अजून त्यांनी परत मागितलेली नाही.