तीस किलोंचा लॅब्राडॉर आणि एक नाक

कुत्र्याची ॲलर्जी असताना लॅब्राडॉर पाळू नये, हे मला डॉक्टरांपासून मासेवालीपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. मासेवालीकडे तर पर्यायही तयार असतो : "त्यापेक्षा मांजर पाळ मगे!" मांजराची ॲलर्जी जास्त चिवट. ती कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या घरातही जाऊन पोचते. पण समोरची बाई बांगडे मोजत असताना प्रथिनशास्त्र काढायचं नसतं.

लोकांचा सगळा राग केसांवर असतो. केस बिचारे हमाल. माल असतो लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचा. म्हणून 'केस न गळणारी जात आण' हा सल्ला ऐकून सोडून द्यावा. पूडललाही कातडी असते, जीभही असते. लॅब्राडॉरचा प्रश्न एवढाच, की दोन्ही मोठ्या मापाच्या. आणखी एक गंमत : यातलं एक प्रथिन फक्त नराच्या प्रोस्टेटमध्ये तयार होतं. काही जणांना नेमकी त्याचीच ॲलर्जी असते. त्यांना मादी चालून जाते. दोष नराचाच निघाला, याचं आमच्या घरातल्या बायकांना अजिबात आश्चर्य वाटत नाही.

तेव्हा आधी त्वचेवर टोचून करतात ती तपासणी करा. त्याआधी साधारण आठवडाभर शिंकांची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागते, नाहीतर निकाल खोटा येतो. त्या आठवड्यात कोणाच्या साखरपुड्याला जाऊ नये. कोकणात कितीदा तरी टोचलेल्या जागी कुत्र्याच्यापेक्षा मोठी गांधी उठते ती धुळीतल्या माइट्सची, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांची. हवेत ओलावा पन्नास टक्क्यांच्या वर गेला की त्यांचं बरं चालतं, आणि आपल्याकडे जुलैत तो नव्वदला टेकलेला. कापसाची गादी जूनपासून ऊन बघत नाही. शिंका गादीच्या, नाव कुत्र्याचं.

पुस्तकं सांगतात, कुत्र्याला आठवड्यातून दोनदा आंघोळ घाला. तर्क बरोबर आहे, कारण धुतलेला माल तीनेक दिवसांत परत जमतो. पण ही पुस्तकं रत्नागिरीच्या पावसात लिहिलेली नाहीत. लॅब्राडॉरला दुहेरी केस असतात. वरचे राठ केस तासाभरात सुकतात, आतली दाट लव मात्र दुसऱ्या दिवशीही दमट. मग तिथे चट्टे उठतात, तो खाजवतो, आणि कोंडा होता त्याच्या दुप्पट होतो. त्यामुळे पावसाळ्यात आंघोळ कमी करावी आणि रोज घट्ट पिळलेल्या फडक्याने मानेपासून शेपटीपर्यंत पुसावं. आंघोळ घातलीच तर कुत्र्यांचाच शाम्पू वापरा, तो पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला आणि मुळापर्यंत कोरडं करा. विंचरायचं काम पडवीत, आणि तेही ॲलर्जी नसलेल्या माणसाने. असा माणूस घरात नसेल तर मास्क लावा.

केरसुणीला हात लावू नका. सुक्या झाडण्याने खाली बसलेला बारीक कोंडा उठतो आणि काही तास हवेत तरंगतो. ओलं पुसणं बरं.

हवा शुद्ध करणारं यंत्र चांगलं असतं. त्यातला हेपा फिल्टर, म्हणजे अतिबारीक गाळणी, 0.3 मायक्रॉनचे कणही 99.97 टक्के अडवतो. फक्त खोली बंद हवी. कौलांखाली छत नसलेल्या घरात ते लावलं की यंत्र अरबी समुद्र गाळायला बसतं, आणि लाईट गेली की तेही नाही.

म्हणून सगळं घर सोडा, एक खोली धरा : झोपायची. जुन्या घरांची रचना यासाठी फार सोयीची. अंगण, पडवी आणि ओटी कुत्र्याची, माजघराच्या आत बंदी. त्या खोलीला छत घाला. एसी 'ड्राय'वर ठेवा आणि ओलावा दाखवणारं छोटं घड्याळ टांगा. गादीला चेन असलेलं घट्ट विणीचं कव्हर चढवा. चादरी आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात धुवा. ज्यांच्या घरी बंब अजून पेटतो त्यांनी वॉशिंग मशीनवाल्यांकडे तुच्छतेने बघायला हरकत नाही.

गोळीने शिंका थांबतात, चोंदलेलं नाक तितकं मोकळं होत नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेला स्टिरॉइडचा फवारा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत मारायचा, मधल्या पडद्याकडे न रोखता बाहेरच्या बाजूला, आणि जोराने ओढायचा नाही, नाहीतर औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत 'काय उपयोग नाय' म्हणून बाटली फडताळात ठेवणारे आपल्याकडे पुष्कळ. छातीत घरघर सुरू झाली तर मात्र विनोद बंद, सरळ डॉक्टर गाठा.

एवढं सगळं करूनही बंदी मोडायची वेळ ठरलेली असते : बांगडे तव्यावर पडले की. तेव्हा माजघराच्या दाराची वरची कडी लावा. खालची त्याला उघडता येते.