फारामिरला मोह पडायलाच हवा होता का?

टोल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीवरील चित्रत्रयीतला दुसरा भाग, ‘द टू टॉवर्स’, डिसेंबर २००२ मध्ये आला, तेव्हापासून त्यातल्या फारामिर या गोंडोर राज्याच्या सेनानीविषयीचे एक मत इतक्यांदा मांडले गेले आहे की, ते आता सिद्ध झाल्यासारखेच धरले जाते. पुस्तकातला फारामिर हाताशी आलेली अंगठी, म्हणजे बाळगणाऱ्याला भ्रष्ट करणारी दुष्ट सॉरॉनची अंगठी, सहज नाकारतो, त्यामुळे अंगठीची दहशतच संपते. शिवाय असा निष्कलंक माणूस पडद्यावर कंटाळवाणा होतो. म्हणून दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी त्याला आधी मोहात पाडले, ती अंगठी नष्ट करायला सॉरॉनच्या मॉर्डॉर देशाकडे निघालेल्या फ्रोडो आणि सॅम या दोन हॉबिटांना (बुटक्या जमातीतल्या दोघांना) बंदी करून ऑस्गिलिअथ या भग्न शहरात नेले आणि तिथे त्याचे मन पालटून त्यांना सोडवले, हे योग्यच झाले, असे ते मत. पटकथाकारांनी स्वतःही साधारण हीच कारणे दिली आहेत. या चित्रत्रयीवर माझे मनापासून प्रेम आहे, तरीही हा युक्तिवाद मला पटत नाही.

‘सहज नाकारतो’ हे वर्णनच चुकीचे आहे. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातला तो प्रसंग पुन्हा वाचून पाहावा. धबधब्याआडच्या गुहेत रात्रीचे जेवण झालेले आहे, बोलता बोलता सॅमचा जिभेवरचा ताबा सुटतो आणि फारामिरचा भाऊ बोरोमिर याला शत्रूची अंगठी हवी होती, हे तो बोलून जातो. फारामिर उठून उभा राहतो. तो उंच आणि कठोर दिसतो, त्याचे करडे डोळे चमकतात. अंगठी, दोन हॉबिट आणि हाकेसरशी धावून येणारे आपले सैनिक यांचा हिशेब तो मोठ्याने मांडतो, आणि आपली पात्रता दाखवण्याची ही संधी आहे, असे म्हणतो. फ्रोडो आणि सॅम भिंतीला पाठ लावून तलवारीच्या मुठी चाचपडू लागतात. गुहेत सगळे बोलणे थांबते. त्यानंतर फारामिर पुन्हा खाली बसतो आणि हलकेच हसतो. या चार-सहा ओळींत वाचकाचा श्वास अडकतो, कारण त्या क्षणी काहीही घडू शकले असते.

आणि त्यानंतर तो जे सांगतो, त्यावर तर या मताचे समर्थक कधी बोलतच नाहीत. ती वस्तू रस्त्यावर पडलेली सापडली तरी मी उचलणार नाही, असे तो त्याच दिवशी आधी बोलून गेलेला असतो, आणि तेव्हा ती वस्तू नेमकी काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. आता ठाऊक झाल्यावरही तो त्या शब्दांना शपथ मानतो. मला हाव असती तरीही मी त्या शब्दांनी बांधला गेलो असतो, असे सांगतो. ती पाहण्याची, तिला हात लावण्याचीही इच्छा नाही, कारण परीक्षेच्या वेळी आपण फ्रोडोपेक्षा कमी पडू, अशी धास्ती त्याला वाटते. नुकतेच त्याला कळले आहे की, आपल्या सख्ख्या भावाचा घात याच वस्तूने केला. अंगठीची दहशत संपली असती, तर तो तिच्याकडे बघायलाही का घाबरला असता?

दुसरे असे की, एखाद्याने नकार दिल्याने अंगठी दुबळी ठरते, हा नियम मानला तर तो सर्वांनाच लावावा लागेल. जादूगार गॅन्डाल्फ नकार देतो, एल्फांची राणी गॅलाड्रिएल नकार देते. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी तर खुद्द पटकथाकारांनी पुस्तकात नसलेला प्रसंग घातला आहे: फ्रोडो उघड्या तळहातावर अंगठी धरतो, आणि त्याचा सहप्रवासी अरागॉर्न गुडघ्यावर बसून त्याची बोटे मिटवतो. त्या दृश्यामुळे अंगठी क्षुद्र वाटली, असे कोणीही म्हणालेले नाही. उलट अरागॉर्न मोठा वाटला. मग हा न्याय एकट्या फारामिरला का नाही?

नाट्याच्या गरजेचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी मान्य करतो. शेलॉब या राक्षसी कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात गेल्यामुळे फ्रोडो-सॅमच्या कथानकाला दुसऱ्या भागात शेवट उरला नव्हता. परंतु ताण पुस्तकात होताच. आज्ञेविना त्या प्रदेशात फिरणाऱ्यांना ठार करण्याचा हुकूम आहे, बंदी असलेल्या डोहात उतरलेल्या गॉलमवर, म्हणजे अंगठीने पछाडलेल्या त्यांच्या वाटाड्यावर, धनुष्ये रोखलेली आहेत, आणि या परक्यांना सोडल्याने नगरावर संकट आले तर फारामिरचे स्वतःचे प्राण जाणार आहेत. पुत्र म्हणून, सेनानी म्हणून त्याच्यासमोर उभा असलेला हा पेच अंगठीच्या मोहाइतकाच जीवघेणा होता. त्याऐवजी जे आले, ते तर्कालाही धरून नाही. ऑस्गिलिअथमध्ये फ्रोडो भान हरपून थेट सॉरॉनचा सेवक असलेल्या नाझगूलच्या पुढ्यात जातो आणि अंगठी बोटात घालू लागतो. अंगठी शत्रूच्या हाती पडता पडता वाचलेली पाहूनही फारामिर तिला त्याच माणसासोबत मॉर्डॉरकडे जाऊ देतो. खरे तर तिला आपल्या ताब्यात घ्यावे, असे वाटायला याहून सबळ कारण त्याला मिळाले नसते. आणि अंगठीवाहक आपल्या वेशीपर्यंत पोहोचला आहे, हे नाझगूलने पाहिल्यानंतरही सॉरॉन गाफील कसा राहतो, याचे उत्तर चित्रपट देत नाही.

कंटाळवाणेपणाबद्दल थोडेच सांगतो. टोल्कीन यांनी ६ मे १९४४ च्या पत्रात मुलाला लिहिले होते की, हे पात्र आपण योजलेले नव्हते, ते आपसूक इथिलिएनच्या जंगलात चालत आले. पुढे, आपल्या पात्रांपैकी कोणी आपल्यासारखे असेल तर ते फारामिर, असेही त्यांनी लिहून ठेवले. तलवारीवर नव्हे, तर तलवार ज्याचे रक्षण करते त्यावर प्रेम करणारा हा सेनानी मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला तो सपाट वाटला नाही. भावाचे प्रेत नावेतून वाहत जाताना पाहिलेला आणि तरीही सूडाने आंधळा न झालेला माणूस सपाट कसा असेल?

फारामिर साकारणाऱ्या डेव्हिड वेनम यांच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही, आणि २००३ च्या विस्तारित आवृत्तीतला त्याचे वडील डेनेथॉर यांच्यासोबतचा पूर्वप्रसंग त्या बदलाला पुष्कळ आधार देतो. त्याच आवृत्तीत मेलेल्या शत्रुसैनिकाकडे बघून फारामिर विचारतो, याचे नाव काय असेल, हा कुठून आला असेल, हा मनाने खरोखर दुष्ट होता का. पुस्तकात हे विचार सॅमच्या मनात येतात. ते फारामिरला दिले, हे पटकथाकारांचे उत्तम पाऊल होते, कारण मूळचा फारामिर नेमका असाच बोलला असता. पडद्यावरचा फारामिर हे बोलून संपताच दोघा हॉबिटांचे हात बांधायला सांगतो.