ओझी स्मिथला फलंदाजी येत नव्हती, हे खरे नाही

अमेरिकी बेसबॉलमधील शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) ओझी स्मिथ याच्याविषयी एक विधान वारंवार फिरत असते: त्याला फलंदाजी येत नव्हती, त्याच्या सेंट लुईस संघाच्या मैदानावरील कृत्रिम हिरवळीमुळे त्याचे क्षेत्ररक्षण सोपे झाले, आणि कोलांटउड्यांनी मिळवलेल्या लोकप्रियतेमुळेच तो 2002 साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-यादीत, पोहोचला.

फलंदाजीचा आक्षेप आधी घेतो, कारण त्यात काही तथ्य आहे. सॅन डिएगो पाद्रेसकडून 1978 ते 1981 या चार हंगामांत तो खरोखरच कच्चा फलंदाज होता; 1979 मध्ये त्याची सरासरी अवघी .211, म्हणजे दर हजार प्रयत्नांत 211 हिट (बेस गाठून देणारे फटके), होती. परंतु 1982 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडे आल्यानंतर त्याने आपली फलंदाजी हळूहळू घडवली, आणि 1987 मध्ये एकही होमरन (चेंडू थेट सीमेपार धाडणारा फटका) न मारता .303 ची सरासरी, 40 डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) व 43 चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले पुढचे बेस) अशी कामगिरी करून नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात आंद्रे डॉसनच्या खालोखाल दुसरे स्थान मिळवले. कारकिर्दीत केवळ 28 होमरन, हा आकडा त्याच्याविरुद्ध नेहमी पुढे केला जातो. त्याच कारकिर्दीतील 2,460 हिट, 580 चोरलेले बेस आणि 589 स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइक होऊन बाद होणे) तुलनेत 1,072 वॉक (चार चुकीच्या फेकींमुळे मिळणारा पहिला बेस) यांचा मात्र उल्लेखही होत नाही. स्ट्राइकआउटपेक्षा वॉकच इतके अधिक मिळवणाऱ्या फलंदाजाला बॅट धरता येत नव्हती असे म्हणणे मला सरळसरळ अन्यायाचे वाटते. (1985 च्या लीग अंतिम मालिकेतील पाचवा सामना नवव्या डावात होमरन मारून जिंकून देणारा फलंदाजही हाच.)

कृत्रिम हिरवळीचा मुद्दा तर तारखांपुढेच टिकत नाही. एका हंगामात 621 असिस्ट, म्हणजे फलंदाज किंवा धावपटू बाद करण्यात फेकीने लावलेले हातभार, हा शॉर्टस्टॉपचा आजही अबाधित असलेला विक्रम त्याने 1980 मध्ये केला, आणि तेव्हा त्याचे घरचे मैदान सॅन डिएगोचे, नैसर्गिक गवताचे होते. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी मिळालेल्या सलग 13 गोल्ड ग्लव्ह पुरस्कारांपैकी पहिले दोनही तिथलेच आहेत.

कोलांटउड्या प्रेक्षकांना आवडत, यात शंका नाही. हॉल ऑफ फेमसाठी मत देणारे मात्र किमान दहा वर्षे या खेळाचे वार्तांकन केलेले पत्रकार असतात, आणि त्यांच्यापैकी 91.7 टक्क्यांनी त्याला पहिल्याच वर्षी निवडले.