सांगलीच्या बाजारपेठेला मोफत बहुमजली वाहनतळ हवाच का?

मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ या भागात गाडी लावायला जागाच उरलेली नाही, म्हणून महापालिकेने तिथे तळघरासह बहुमजली वाहनतळ बांधावा आणि पार्किंग सगळीकडे मोफत ठेवावे, अन्यथा गिऱ्हाईक शहराच्या विश्रामबाग भागाकडे वळेल, असा संदेश सध्या सांगलीत अनेकांच्या मोबाईलवर फिरतो आहे. त्यातली तक्रार खरी आहे, पण सुचवलेला उपाय मला चुकीचा वाटतो.

जागा नाही, हा पहिला मुद्दा. सकाळी दुकानांची शटर वर जातात त्या वेळी हरभट रोडवर उभे राहून पाहावे. पहिले गिऱ्हाईक येण्याआधीच दुकानांसमोर मालकांच्या आणि कामगारांच्या दुचाकी लागलेल्या असतात, आणि त्यांतल्या कित्येक रात्री दुकान वाढवेपर्यंत जागच्या हलत नाहीत. दुपारपर्यंत त्यांच्या सीटवर धूळ साचलेली दिसते. दहा तास अडलेल्या अशा एका जागेत अर्ध्या तासाच्या खरेदीला आलेली वीस गिऱ्हाइके एकामागून एक गाडी लावू शकली असती. म्हणजे जागा आहे, ती मोकळी होत नाही. पट्टे मारून पहिला अर्धा तास मोफत, पुढे तासागणिक वाढते शुल्क, आणि दिवसभर थांबणाऱ्यांसाठी पाच-सात मिनिटे चालत गाठता येईल अशा मोकळ्या जागेत स्वस्त मासिक पास, एवढे करायला इमारत लागत नाही.

तळघराची सूचना करणाऱ्यांनी कृष्णेचा विचार केलेला दिसत नाही. नदीवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या आसपास पोहोचले होते. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांत बाजारपेठेत पाणी शिरले. अशा ठिकाणी जमिनीखाली गाड्या ठेवण्याचे नियोजन मला बेजबाबदार वाटते. पुराच्या दिवसांत वरच्या मजल्यांचा उपयोग होईल, हे मान्य. पण नियोजनाच्या प्रचलित मानकांनुसार उघड्यावर एका मोटारीला सुमारे 23 चौरस मीटर जागा धरावी लागते आणि छताखाली त्याहून जास्त, आणि पेठेतल्या महागड्या जमिनीवर तेवढा खर्च करून ती फुकट द्यायची, तर तो भार गाडी नसलेल्या करदात्यावरही पडतो. पार्किंगच्या शुल्कात जमिनीचे मोल दिसावे, असे 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटले आहे.

शिवाय वाहनतळ बांधला म्हणून तो भरतोच असे नाही. रस्त्यावर फुकट जागा मिळत असेल तर जिना चढून गाडी लावायला कोणी जात नाही. मुंबईत सार्वजनिक वाहनतळ रिकामे राहू लागल्याने 2019 मध्ये महापालिकेला त्यांच्या आसपास रस्त्यावर लावलेल्या गाड्यांवर जबर दंड आकारावा लागला.

राहिला गिऱ्हाईक जाण्याचा मुद्दा. कॅलिफोर्नियातील पासाडेना शहराच्या जुन्या बाजारपेठेत 1993 मध्ये पार्किंगचे शुल्क घेणारे मीटर बसले, तेव्हा व्यापाऱ्यांना हीच भीती होती. तिथल्या पालिकेने जमा होणारा पैसा त्याच भागातील पदपथ, दिवे आणि स्वच्छतेवर खर्च करण्याचे ठरवले, त्यानंतर व्यापाऱ्यांनी ते मान्य केले आणि बाजारपेठ भरभराटीला आली. आपल्याकडे शुल्काला होणारा विरोध पैसा कुठे जातो ते न दिसल्यामुळे आहे, असे मला वाटते. म्हणून महासभेने आधी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, हरभट रोडची पावती हरभट रोडच्या पदपथावरच खर्च होईल असा ठराव करावा, आणि जमाखर्च दर महिन्याला मारुती चौकात फलकावर लावावा.